विंगेतला न दिलेला शब्द

११ डिसेंबर, शहादा

बाई, तुम्ही गेल्यावर डायरीत तुमच्याशी बोलत राहीन असं ठरवलं होतं. नऊ वर्षांत एक ओळ लिहिली नाही, माफ करा. आज बसले ती एका ऑस्ट्रेलियन नटीमुळे. महिनाभर मी तिच्यावर जळते आहे. माझ्याच वयाची. आधी तिकडच्या घरोघरी दिसणारी मालिका, मग अमेरिकेतले मोठे सिनेमे, बक्षिसं. आणि दर दोन-तीन वर्षांनी हे सगळं सोडून ती आपल्या शहरातल्या रंगमंचावर परत येते. तिच्या नव्या नाटकाचं चित्रीकरण मोबाइलवर चारदा पाहिलं. सिनेमात ती सुंदर दिसते, एवढंच. नाटकात मात्र ती बोलता बोलता थांबते आणि अख्खं थिएटर तिच्यासाठी थांबतं. मी खोट काढायला बसते, सापडत नाही. नवरा हसतो, "ती कोठे, तू कोठे! तिन्हावर काय जळी ऱ्हायनी?"

जळायची सवय जुनी आहे. कॉलेजच्या एकांकिकेतली आई मला करायची होती. सगळी संहिता पाठ होती. तुम्ही स्टाफरूमच्या दारात म्हणालात, "पाठांतर तुझं पक्कं, म्हणून तर प्रॉम्प्टिंग तुझ्याकडे. आवाज मात्र तिचा पोचतो." ती म्हणजे म्हसावदहून एसटीने येणारी माझी मैत्रीण. मग तुम्ही शिकवलंत: नट थांबला तर तीन श्वास मोजायचे, तरी बोलला नाही तर शब्द द्यायचा.

नंदुरबारच्या स्पर्धेत ती थांबली. मी विंगेत, हातात संहिता. तीन श्वास झाले, पाच झाले. तिने माझ्याकडे पाहिलं. मागून कोणीतरी शिट्टी मारली.

नंतर ती रडत म्हणाली, "अव माय, तू काबर नही बोलनी?"

"पान उलटी गयं," मी म्हणाले. तुम्ही माझ्याच पाठीवर हात ठेवलात. "होतं गं, पंख्याचा वारा."

ती पुन्हा कधी रंगमंचावर चढली नाही. अजूनही हळदीकुंकवाला चारचौघींत हसून सांगते, "माले ते काय जमनं नही." मी तेव्हा बशीतला चिवडा निवडत बसते.

पान उलटलं नव्हतं, बाई. शब्द माझ्या तोंडात होता. ती पडावी असं वाटलं होतं, की ती पडते का हे फक्त पाहायचं होतं, ते अजून ठरवता येत नाही. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही उलटून काही विचारणार नाही. म्हणूनच हे लिहिणं पुरेसं नाही.

उद्या: सकाळच्या एसटीने म्हसावदला जाऊन तिला सांगणे.