बेन लॉअर्सवरची खोडलेली खूण

आर्डोनेग,
२३ जानेवारी १९८३

चि. लॅक्लन यास,
अ. उ. आ. वि. वि.

पाच महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. शाळेतली नोकरी, बर्फ, बाबांचा दुखरा उजवा खुबा अशी कारणं हाताशी होती. खरं कारण हे की तुला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती टाळून बाकीचं लिहिणं मला जमेना.

इथे सगळं ठीक आहे. तळ्याचा काठ गोठलाय. बाबा एकाहत्तराव्या वर्षीही सकाळी ओटची पेज खाऊन शेजारच्या युअन गिलीजच्या मेंढवाड्यापर्यंत चालून येतात, आणि खुबा अजिबात दुखत नाही हे मी न विचारताच सांगतात. युअन म्हणतो, म्हातारा लंगडतो तेही रुबाबात.

स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांवरच्या पावणेतीनशे शिखरांपैकी आता त्यांचं एकच उरलंय. बेन वायविस त्यांनी सोपं म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलं. मे महिन्यात तिथे माथ्यावर बावीस मित्र जमणार, बॅगपाइप वाजणार, व्हिस्की उघडणार. परवा त्यांनी मला सांगितलं की त्या वेळी तू दोन शब्द बोल. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

कारण चढलेल्या शिखरांच्या त्यांच्या वहीत खूण असलेलं एक शिखर त्यांनी चढलेलंच नाही. तेही आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं बेन लॉअर्स.

१९५९ चा मार्च आठव. तू अकरा वर्षांचा, मी एकोणीसची. नकाशा आणि होकायंत्र माझ्याकडे. धुक्यात पहिला उंचवटा लागला, त्याला आपण लॉअर्सच्या वाटेवरचं बेन घ्लास समजलो. पुढचं शिखर आलं, ते बेन लॉअर्स समजून बाबांनी टोपी उडवली. प्रत्यक्षात घ्लास तेच होतं. परगावचे लोक ही चूक नेहमी करतात. आपण पडलो इथले, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. बाबा पाठमोरे बसून तुझे हात चोळत होते. तेवढ्यात धुकं क्षणभर फाटलं आणि खिंडीपलीकडे, आपल्याहून कितीतरी उंच, खरा लॉअर्स मला दिसला. मी बोलले नाही. तू रडत होतास, तुझ्यासाठी गप्प बसले, असं आजवर स्वतःला सांगत आले. नीट तपासून पाहिलं तर मला घरी जायचं होतं, एवढंच.

एकदा खूण केली की बाबा त्या डोंगराकडे परत फिरकत नाहीत. मग आता सांगू का? सांगितलं तर या बर्फात निघतील. नाही सांगितलं तर बावीस माणसांसमोर उभी राहून मी खोटं बोलणार. तुला काय वाटतं ते लगेच कळव.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
इशबेल


तेलविहिरीवरून, उत्तर समुद्र,
२८ जानेवारी १९८३

ती. इशबेलताईस,
सा. न. वि. वि.

चोवीस वर्षं अख्खा डोंगर पोटात ठेवलास, ताई! अपचन कसं झालं नाही तुला? आणि मी रडलो होतो हे तेवढं बरं लक्षात राहिलं. इथे कुणाला सांगू नकोस, ही माणसं मला मुकादम समजतात.

माझं म्हणशील तर सांगू नकोस. डोंगराला काय फरक पडतो? मागच्या हिवाळ्यात बाबा अंगणातल्या बर्फावर पडले आणि अर्धा तास त्यांना उठता आलं नव्हतं, हे तूच लिहिलं होतंस. ते अंगण होतं. लॉअर्सवर पडले तर उचलायला कोण येणार?

पण मी तुला ओळखतो. हे पत्र मिळेपर्यंत तुझं मनात शंभर वेळा सांगून झालं असेल. सांगायचंच असेल तर निदान त्यांना मी येईपर्यंत थोपवून धर. अकरा तारखेला माझी पाळी संपते. बाराला सकाळी त्यांच्या उजव्या अंगाला मी असेन.

इथे जेवण भरपूर, उजेड कमी. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा,
लॅक्लन


आर्डोनेग,
४ फेब्रुवारी

चि. लॅक्लनला आशीर्वाद.

मंगळवारी तुझ्या बहिणीने पेज वाढता वाढता डोंगर वाढला. मी दोन दिवस वही उघडून त्या खुणेकडे बघत बसलो. तिला वाटलं रागावलो. रागावलोही होतो, पण त्याहून जास्त स्वतःवर.

रेल्वेच्या सिग्नलच्या खोलीत मी छत्तीस वर्षं काढली. गाडी डोळ्यांसमोरून गेल्याशिवाय ती गेली असं कधी लिहिलं नाही. आणि घरासमोरचा डोंगर न चढता चढलो म्हणून लिहिला! नकाशा पोरीच्या हातात असेल, पेन्सिल माझ्या हातात होती. काल खूण खोडली. कागदाला भोक पडलं.

तूही तिला गप्प राहायला सांगत होतास असं कळलं. तुला भेटल्यावर बघतो. बारा तारखेला ये. बर्फात रोवायच्या कुऱ्हाडींना धार लावली आहे. नाही आलास तर तुझ्यावाचून जाऊ.

बाबा


आर्डोनेग,
१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. लॅक्लन यास,
अ. उ. आ. वि. वि.

हेलिकॉप्टर धुक्यात अडकल्याचा तुझा फोन आला तेव्हा बाबा बूट चढवूनच बसले होते. मी थांबू या म्हटलं. ते म्हणाले, आज आकाश स्वच्छ आहे, उद्या रविवार, चर्च आहे, आणि परवाची हमी तू देणार का? तुझ्या जागी युअन आला. तो वाटभर कुरकुरत होता की यांच्यापेक्षा मेंढ्या शहाण्या, बर्फ पडला की मुकाट खाली येतात. बाबा म्हणाले, म्हणूनच कुठल्या मेंढीच्या नावावर एकही शिखर नाही.

साडेआठला चढायला लागलो. बर्फ वरून कडक, आत भुसभुशीत. पाय पोटरीपर्यंत जाई. पुढे युअन वाट तुडवत, मधे बाबा, मागे मी, त्यांच्या उजव्या पायावर डोळे लावून. पहिल्या उंचवट्यावर ते थांबले, कुऱ्हाडीने बर्फ ठोकला आणि विचारलं, यालाच ना आपण बेन घ्लास म्हटलं होतं? मी हो म्हटलं. ते हसले. अकरा दिवसांत पहिल्यांदा.

दुपारी बाराला खऱ्या घ्लासवर पोचलो. वारा नाही, धुकं नाही. समोर लॉअर्स, इतका जवळ की लपायला त्याला जागाच नव्हती. बाबांनी टोपी मागे सरकवली. मग म्हणाले, एवढा थोरला डोंगर माझ्या पाठीशी उभा, आणि मी आपला पोराचे हात चोळतोय. त्यात दुःख नव्हतं, लॅक्लन. नवल होतं.

मग त्यांनी मला विचारलं, जमेल का? याच प्रश्नाची मला भीती होती. नाही म्हणावं, तर त्या दिवसासारखं पुन्हा मीच त्यांच्या वतीने ठरवणार. हो म्हणावं, तर ते माझ्या अपराधी मनाचं हो. म्हणून दिसत होतं तेवढंच सांगितलं. खिंडीतून माथ्यावर जायला तास, तेवढं जमेल. परतताना या शिखरावर पुन्हा चढायचं आहे. शेवटच्या चढणीवर तुमचा पाय ओढत होता. पाचच्या पुढे अंधार. आता तुम्ही ठरवा. ते युअनला म्हणाले, बघ, चोवीस वर्षांनी का होईना, नकाशा वाचायला शिकली! आणि बर्फात फतकल मारून त्यांनी चहाची मागणी केली.

मला मात्र पुढे पिटाळलं. वाट कशी आहे ते बघून ये म्हणाले, आणि अर्ध्यातून परत आलीस तर घरात घेणार नाही. मी एकटी गेले. खिंडीत बर्फ मांडीपर्यंत, वर नुसता काचेसारखा; बुटांच्या काट्यांवर भिस्त. माथ्यावरच्या दगडी खांबाला बर्फाची पिसं फुटली होती. वळून पाहिलं तर घ्लासवर दोन ठिपके, त्यातला एक टोपी हलवत होता. मला रडू आलं. सुखाचं की सुटकेचं, ते अजून ठरवता आलेलं नाही.

मी माथा गाठला हे बघूनच ते दोघे उतरायला लागले होते. मी त्यांना गाठलं आणि बाबांनी खोदून खोदून विचारायला सुरुवात केली. खिंडीत कुठे घसरतं, कडा किती लांब, बसायला खडक आहे का. गाडीपाशी पोचेपर्यंत त्यांचं ठरलं होतं: बेन वायविस एप्रिलमध्ये गुपचूप उरकायचं, आणि मेमध्ये सगळ्यांना इथे, लॉअर्सवर बोलवायचं. दिवस मोठा असेल, बर्फ नसेल. घरचा डोंगर शेवटचा, याहून चांगलं काय, असं वर मलाच विचारतात!

खुबा तोवर साथ देईल का, कुणास ठाऊक. आता दोन्ही पाय शेगडीशी पसरून बसलेत आणि सूप दोनदा मागून घेतलंय. डोंगर का बदलला असं लोक विचारतील, त्यांना काय सांगू, असं मी मघाशी विचारलं. ते म्हणाले, झालं ते सांग, त्यात माझंही नाव घाल.

तू मेमधली रजा आजच मागून ठेव. त्यांच्या उजव्या अंगाची जागा अजून तुझीच आहे, आणि माझा जीवही तुझ्यात आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
इशबेल

ता. क. उद्या बावीस जणांना पत्रं लिहिणार, खऱ्या कारणासकट.