मदरबोर्डचं वाण

१२ जून २०००, सोमवार
संकल्प : घरी कॉम्प्युटर आणायचा. रेडिमेड नाही, असेम्बल्ड. एकेक पार्ट स्वतः निवडून. रेडिमेड घेणारा म्हणजे पाकिटावरचं चित्र बघून बियाणं नेणारा. असली गिऱ्हाइकं माझ्या कृषी केंद्राच्या काउंटरवर रोज येतात. अख्ख्या भोकरदनमध्ये ब्रँडची पारख असलेला माणूस एकच आहे, आणि तो ही वही लिहितो आहे.

कारण बेबीनंदा. माझी धाकटी बहीण. परतूरला दिलेली, शिमग्यापासून माहेरी येऊन बसली आहे. नवऱ्याशी पटत नाही म्हणते. डाव्या हाताचं एक बोट वाकडं झालंय. साहेबरावदाजी म्हणाले, दारात सापडलं. मला पटलं. दारं काय सगळ्यांच्याच घरी असतात. त्याच बोटानं तिने जालन्याला जाऊन मराठी टायपिंगची परीक्षा पास केली. आता प्रेसवाले काकासाहेब म्हणतात, घरी कॉम्प्युटर असला तर लग्नपत्रिकांचं सगळं कंपोजिंग ताईला देतो, फक्त तुळशीच्या लग्नाआधी मशीन चालू पाहिजे, नंतर सराई सुरू होते. बेबीनंदा म्हणाली, दादा, एवढं झालं तर मला परतूरला जायची गरज न्हाई, अन् तुमच्यावर बी ओझं न्हाई.
तुळशीचं लग्न नोव्हेंबरात. वेळच वेळ आहे.

२५ जून, रविवार
मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड, हार्डडिस्क, सगळं जालन्याहून आलं. बायकोने, उषाने, मॉनिटरवर क्रोशाचा रुमाल टाकला. राहिला फक्त मदरबोर्ड. तो मी मुद्दाम मागे ठेवला. बाकीचे पार्ट कुणीही घेईल. मदरबोर्ड म्हणजे जमीन. सगळं त्याच्यावरच उभं राहतं.

दुकानदार रामकिसन. त्याने दोन कंपन्यांचे बोर्ड समोर ठेवले, लाँगविन आणि क्राउनेक्स. म्हणाला, दोन्ही चांगले, कोणता बी न्या. मी मनात हसलो. दोन्ही चांगले म्हणणाऱ्याला एक खपवायचा असतो. मी हेच करतो. दोन्ही तळहातांवर घेऊन तोलले. क्राउनेक्स किंचित जड. भरीव. पण वासाला लाँगविन बरा. लॉट नंबर विचारला. उगवणशक्ती विचारली, म्हणजे शंभरातले चालू किती होतात. म्हणाला, सगळे होतात. इथेच पकडला. शंभर टक्के उगवणारं वाण अजून जन्मलेलं नाही. मंग म्हणाला, मालक, हा बोर्ड आहे, सरकी न्हाई. गिऱ्हाइकं हसली. अडाणी लोक.
बोर्ड न घेता परत आलो. बेबीनंदा दारातच उभी होती. तिला म्हणालो, फसता फसता वाचलो.

९ जुलै, रविवार
पद्धत ठरली. आमच्या धंद्यातला नियम आहे : नवीन वाण आधी दुसऱ्याच्या वावरात एक हंगाम बघायचं, मग आपल्या. पिंपळगाव रेणुकाईच्या एका मास्तरांकडे लाँगविनवाला कॉम्प्युटर आहे असं कळलं. पाहणीला गेलो. दुपारभर समोर बसलो. मशीन चालू होतं, मीही चालू होतो. मास्तरीणबाईंनी दोनदा चहा दिला, तिसऱ्यांदा दिला नाही. विचारलं तर कळलं, मशीन मे महिन्यातलं आहे. म्हणजे पावसाळा बघितलेलाच नाही! ओल्यात टिकतं का हे कसं कळणार? मास्तरांना सांगितलं, दसऱ्याला परत येतो. त्यांचा चेहरा पडला. बहुधा माझ्या अभ्यासाने दडपले असतील.

घरी बेबीनंदाने खताच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यावर टाइपरायटरची सगळी मराठी अक्षरं काढली आहेत. हुबेहूब मापाची. सवय जायला नको म्हणून ओट्यावर बसून त्यावर बोटं मारत असते. उषा म्हणते, आवाज येत नाही तरी माझं डोकं उठतं. मी बेबीनंदाला समजावलं, पुठ्ठ्यावर करून काही होत नसतं, माणसाने प्रॅक्टिकल असावं.

२० ऑगस्ट, रविवार
निर्णय! क्राउनेक्स. वजनाचा मुद्दा शेवटी डावलता आला नाही. रामकिसन म्हणाला, कॅबिनेट आणा, तासाभरात बसवून देतो. नको म्हणालो. असेम्बल मी करणार, आणि मुहूर्तावर. दसऱ्याला. तोवर बोर्ड गोदामात, युरियाच्या थप्पीवर, उंच जागी. डबा उघडाच ठेवला. बंद डब्यात माल घामेजतो हे मी शेतकऱ्यांना वीस वर्षं सांगतो आहे.

बेबीनंदा म्हणाली, दादा, आजच लावा ना. काकासाहेब दोनदा इचारून गेले. मी म्हणालो, पेरणीला घाई करणारे दुबार पेरणी करतात. पुठ्ठा घेऊन ओट्यावर जाऊन बसली. पटलं असावं.

७ ऑक्टोबर, शनिवार. दसरा
सकाळी अंघोळ करून डबा आणला. बोर्डावर तांब्याच्या ठिकाणी हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड. मला वाटलं कंपनीचं कोटिंग आहे. बसवला. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. गल्लीतली सगळी माणसं बोलावली होती. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. पंखासुद्धा हलला नाही. लोक आपट्याची पानं देऊन निघून गेले, काहींनी मलाच दिली, काहींनी मॉनिटरवर ठेवली.

रामकिसनला फोन लावला. त्याने विचारलं, कुठं ठेवला होता. सांगितलं, कोरड्या जागी. कोणत्या? गोदामात. कशाच्या गोदामात? फोन कट झाला. मीच केला. उलट तपासणी सहन करायची सवय नाही मला.
निष्कर्ष : क्राउनेक्स बोगस वाण निघालं. वेळीच कळलं हे नशीब. बेबीनंदाच्या कामात मध्येच बंद पडला असता तर केवढ्याला पडलं असतं.
बेबीनंदा म्हणाली, दादा, दुसरा आणा, कोणता बी आणा. कोणता बी! हा शब्द मी माझ्या दुकानात कुणाला काढू देत नाही. सणाचा दिवस म्हणून रागावलो नाही, फक्त जेवलो नाही. संध्याकाळी जेवलो.

१५ ऑक्टोबर, रविवार
काकासाहेब स्वतः आले. म्हणाले, तुळशीचं लग्न तोंडावर आलं, मला खरं सांगा, मी दुसरीकडं बघू का. मी म्हणालो, बिलकुल नाही, माझा शब्द आहे. पोहे खाऊन गेले.

दुपारी साहेबरावदाजी आले, पेढे घेऊन. बेबीनंदा आत जाऊन बसली, बाहेर आलीच नाही. उद्धटपणा. दाजींनी मात्र माझं मदरबोर्डवरचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. मध्ये प्रश्नही विचारले. एवढ्या महिन्यांत मला प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस. म्हणाले, पाव्हणं, तुमच्यासारखं डोकं आमच्या परतुरात न्हाई, आम्ही डोळे झाकून घेतो अन् फसतो. मग हळूच म्हणाले, दिवाळीनंतर हिला नेतो, लोक इचारून राह्यले.
माणूस सुधारलाय. ब्रँडची पारख असणाऱ्याला माणसाचीही असते.

२९ ऑक्टोबर, रविवार. भाऊबीज
बेबीनंदाने ओवाळलं. यंदा ओवाळणी खास : कॉम्प्युटरचा माऊस. नवा, डबीसकट. तिने तो ताटात ठेवून बराच वेळ बघितला. उषा हसली, मी दुर्लक्ष केलं.

मग समजावून सांगितलं. बोर्ड ठरला की लगेच निरोप देतो, तोवर सासरी राहा. इथे नुसती बसून राहण्यापेक्षा तिथे घर तरी बघशील. म्हणाली, दादा, उद्या सकाळी मी सोताच जालन्याला जाऊन बोर्ड आणला तर? मी म्हणालो, तुला त्यातलं काय कळतं. म्हणाली, मला टायपिंग कळतं, बोर्ड कोणता बी चालतो. मंग म्हणाली, दादा, ते बोट दारात न्हाई सापडलं.
मी म्हणालो, सणाच्या दिवशी जुन्या गोष्टी नकोत.

३० ऑक्टोबर, सोमवार
दाजी आले, घेऊन गेले. स्टँडवर मी आणि उषा पोचवायला गेलो. बेबीनंदाने उषाचा हात धरून ठेवला होता, गाडी सुटायला आली तरी सोडेना. शेवटी मीच सोडवला. सगळं शांततेत पार पडलं. घरी आल्यावर दिसलं, माऊस मॉनिटरवरच विसरली. वेंधळी आहे पहिल्यापासून.
घर मोठं वाटतं. आता बोर्डाचा विचार एकाग्रतेने करता येईल.

१९ नोव्हेंबर, रविवार
विजय. पिंपळगावच्या मास्तरांचा लाँगविन अख्खा पावसाळा काढून खडखडीत चालू आहे. मास्तरांनी दार न उघडता खिडकीतूनच सांगितलं. तडक जालना. लाँगविन घेतला. वास घेतला, तोच. रामकिसन म्हणाला, हाच तर जूनमधी दाखवला होता. व्यापाऱ्याला वाटतं काल अन् आज एकच. माझ्याकडे आता हंगामाचा पुरावा आहे.

घरीच बसवला, त्याच दिवशी. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पुठ्ठा हवा होता. बेबीनंदाचा पडूनच होता, कात्रीने मापात कापला. उरलेला उषाने बंबात घातला. बटण दाबलं. पंखा फिरला. मॉनिटर उजळला. डोळ्यांत पाणी आलं, हे कुणाला सांगणार नाही.
काकासाहेबांना बोलावलं. खूश झाले. म्हणाले, तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी तीन घरच्या पत्रिका अडकून पडल्यात, आजच देतो, ताई कुठंय? म्हणालो, ती तिच्या घरी सुखात आहे. टायपिंग मी करतो. त्यात काय आहे.

२२ नोव्हेंबर, बुधवार
कीबोर्डवर सगळी अक्षरं इंग्रजी. मराठी फाँट लावला तर एक दाबावं अन् दुसरंच उमटावं. पत्रिकेच्या डोक्यावर 'श्री' हवा. सकाळपासून सगळ्या कळा दाबून झाल्या. 'क' तीन प्रकारचे आले, 'श्री' नाही. श्रीशिवाय लग्नपत्रिका कोण घेईल? काकासाहेबांना सांगितलं, उद्या.

२६ नोव्हेंबर, रविवार
काकासाहेब पत्रिकांचे कागद परत घेऊन गेले. चहा नको म्हणाले.

परतूरला फोन लावला. दाजींनी उचलला. म्हणालो, बेबीनंदाला द्या, अर्जंट आहे, श्र कोणत्या कळेवर आहे एवढंच विचारायचंय. म्हणाले, ती फोन धरू शकत न्हाई, दोन्ही हात प्लास्टरमधी आहेत, पडली. मी म्हणालो, हाताचं काम नाही, तोंडाने सांगू दे. दाजी आत ओरडले. मग म्हणाले, ती म्हणते, पुठ्ठ्यावर लिहिलंय, दादाला बघायला सांगा.

कॅबिनेट उघडलं. बोर्डाच्या कडेने पुठ्ठ्याची पट्टी दिसते, त्यावर तिच्या अक्षरात 'ग' आणि अर्धा 'ह'. बाकी बोर्डाखाली किंवा बंबात. परत स्क्रू लावले.
बोर्ड मात्र उत्तम चालतोय. एकदाही हँग नाही. निवड बराबर होती.