सोमवारची भाकरी

अव्वा, या सोमवारी भर दुपारी मी भाकरी खाल्ली. मेथीची भाजी, वर दही, तेही सगळ्यांसमोर. आधीच सांगून टाकते, म्हणजे रागवायचं ते रागावून घे.

लहानपणी निलंग्याच्या स्वयंपाकघरात मी श्रावणातल्या सोमवारी भाकरीचा तुकडा मोडला, तेव्हा तू उलथणं उगारलंस. "सोमवारी भाकर खायलीस? लाज हाय का न्हाई?" तो तुकडा मी खाली ठेवला आणि तू गेल्यावरही कित्येक वर्षं सोमवार मोडला नाही. तू मात्र उपाशीपोटी आपल्या दुकानातल्या माणसांसाठी भाकरी थापायचीस. संध्याकाळी लिंगपूजा झाली की उरलंसुरलं खायचीस. साखरेच्या आजारावरच्या गोळ्या सुरू झाल्या तरी तुझं तेच. घाम फुटलेला, हात थरथरतायत, तू चुलीपुढे भिंतीला टेकून बसली आहेस, आणि आम्ही लेकरं कौतुकाने बघतोय, केवढी श्रद्धा!

आता त्याच गोळ्या मलाही आहेत. मागच्या सोमवारी उपाशीपोटी न्हाणीत चक्कर येऊन पडले, म्हणून धाकटा भाऊ लातूरला बघायला आला. बसल्याबसल्या त्याने मोबाईल पुढे केला. "अक्का, हे बघ. पोट रिकामं ठेवलं की पेशी आपला केरकचरा आपणच साफ करतात. माणूस लवकर म्हातारा होत न्हाई. अव्वाला हे आधीच ठाऊक होतं."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग अव्वा म्हातारी व्हायच्या आधीच का गेली रे?"

डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "उंदरांमध्ये बरंच दिसलंय, माणसांचं अजून तपासणं चालू आहे. तुम्ही रात्री लवकर जेवा, ज्वारी, डाळ, पालेभाजी खा. पण या गोळ्या घेऊन उपाशी राहायचं नाही." एवढं साधं तुला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तू ऐकलं नसतंस. मी ऐकणार आहे. तुझ्या भुकेला कुणी शास्त्र म्हणून मिरवलेलं मला चालणार नाही. मला म्हातारी व्हायचंय अव्वा, चांगली पांढऱ्या केसांची, हिंडतीफिरती.

हे पत्र कुठे धाडणार? आणि खरं सांगते, पत्ता असता तरी धाडलं नसतं. तू रागावशील म्हणून नाही. मी सोडलेला, माझ्या वाटचा सोमवारही तूच उपाशी राहून धरला असतास.