उपासाचे खाडे वजा जाता

२ जून, शनिवार
आलं : औरंगाबादहून विद्यापीठाचं माहितीपत्रक, २ रु., तिकिटं ६५ पै. रेशनची मिलो, ती अमेरिकेची तांबडी ज्वारी, १० किलो, साडेआठ रु. साखर आलीच नाही. देवापुढे गूळ ठेवला.
सुशी बी.एस्सी. झाली, आता एम.एस्सी. करीन म्हणते. हे म्हणाले, "वर्षाचा आकडा काढ. दूध संस्थेत तुझे हजार हायेत. त्यात बसलं तर अर्जावर सही करतो, न्हाई तर तिला शाळेत नोकरी बघू." हे सोसायटीचे सचिव, पण दुष्काळात वसुली नाही म्हणून चार महिने पगार नाही. मुदत ३० जून.

५ जून
अंदाज मांडला. फी व प्रयोगशाळा २८०. खोली १२०. पुस्तकं, वह्या ७०. एस.टी., साबण, तेल ६०. मेस रोजचे २ रु., दहा महिने, ६००. एकूण ११३०. हजाराच्या वर १३०.
मग सुचलं. उपास! सोमवार चार, एकादश्या दोन, संकष्टी एक. सात दिवस जेवणार नाही, सात खाडे. महिन्याला १४ वजा, दहा महिन्यांचे १४०. राहिले ९९०. वर दहा उरतात.
सुशी : "आई, तिथं मी सगळे उपास करीन असं काहून धरलंस?"
म्हटलं, मेसचं जेवण चाखलंस की आपोआप करशील.
सिरसाळ्याच्या वन्संची मंगल तिथंच वसतिगृहात आहे. तिला आकडा कळवला, बरोबर आहे का म्हणून.

११ जून, सोमवार. निर्जला एकादशी
सोमवार आणि एकादशी एकाच दिवशी. एक खाडा बुडाला. वर्षात असे किती, पंचांगात बघायला हवं.
टँकर दिवे लागायला आला. निर्जला सगळ्या गल्लीनंच केली. म्हैस कारखान्याच्या छावणीत, बरी आहे.

१६ जून, शनिवार
मंगलचं कार्ड. "मामी, सलग तीन दिवस नसलं तरच खाडा धरतात. उपासाला साबूदाणा देतात, त्याचे जादा लावतात."
म्हणजे ११३०. दुपारभर कशात लक्ष नाही.
खाली बारीक अक्षरात : "रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला देणारीला मेस स्वस्त पडते. त्या नावाचं धान्य मेसला मिळतं." किती स्वस्त? तेवढंच लिहिलं नाही पोरीनं.

१७ जून
कार्ड दडवावं असं मनात आलं. पूजा झाली आणि यांच्यासमोर ठेवलं. हे हसले, डोळ्यांत पाणी येईतो. "देवाच्या नावावर सूट घेतीस व्हय! सोसायटीत तुलाच बसवाया पायजे." पगार थांबल्यापासून असं हसणं ऐकलं नव्हतं.
पण मग आकड्यावर बोट. "एकशेतीस कमी पडतात."
म्हटलं, महिन्याला तेराच. थांबा.

२० जून, बुधवार
शिरूरला रेशनच्या कचेरीत दोघं. कारकून म्हणतो, "पोरीचं लगीन कवा झालं? आमाला लाडू न्हाई."
हे : "लगीन न्हाई. शिकाया चाललीय."
"मंग कारण काय लिहू?"
"तेच लिव्हा. शिक्षण."
त्यानं लिहिलं. परत वाचून बघितलं. "नाव परत चढवायचं म्हटलं तर लई हेलपाटे पडतील, बाई. धान्याची दशा तर बघताच."
गावात आजवर पोरीचं नाव खोडलं ते लग्नानंतरच. सुशीच्या नावावर रेघ ओढली तेव्हा माझे डोळे भरले खरे, पण वाईट वाटून नव्हे. नीट सांगता येत नाही.
यांनी तिथं सही केली. विद्यापीठाचा अर्ज फडताळात तसाच. एस.टी.त विचारलं, तर दाखल्याची घडी आधी खिशात नीट घातली. मग, "आकडा येऊ दे."

२१ जून
मंगलला सकाळच्या डाकेनं पत्र टाकलं. नक्कल ठेवते :
चि. मंगलास अनेक आशीर्वाद. दाखला हाती आला. तुझ्या मेसच्या मॅनेजरबाईंना विचार, दाखल्यानं महिन्याला नक्की किती कमी होतात, आणि पहिल्या महिन्यापासून का. तेरा सुटले की सुशी आली समज. आकडा मोठ्या अक्षरात लिही, कार्ड आलं की तुझ्या मामांच्याच हाती देणार आहे. तीस तारीख जवळ आली. उलट टपाली कळव.