देवूची मशीन, आमचा बोर्ड

शनिवार, ७ फेब्रुवारी

आमच्या विपुलशेठचं डोकं फिरलंय! पोलंडच्या पार्टीला रबरी वायसर, म्हणजे वॉशर हवेत, कंटेनर भरून. इंटरनेटवर त्यांना आमची कंपनी सापडली — फोटो भलत्याच कारखान्याचे! आता म्हणतात, उद्या व्हिडिओवर कारखाना दाखवा. आमच्याकडं दोन हातप्रेस, तेही कुरकुरणारे. म्हणून शेठनी शेजारची शेड उद्यापुरती मागून घेतली. तिथं नवी प्रेस मशीन आहे. ती चालवायची मी!

"ऑर्डर आली की तू परमनंट. मागची खोलीपण तुझी." शेठ स्वतः बोलले. म्हणजे ज्ञानेश्वरीला आणता येईल! लग्न झाल्यापासून बायको हिंगोलीत नि मी बोईसरला.

देवू तिथला ऑपरेटर, इथल्याच मासवण गावचा. दुपारभर शिकवत होता. "अरे, बटन हाय ते, बैलाची शेपटी नाय! हलकं दाब."

रविवार, ८ फेब्रुवारी

शेड त्यांची, बोर्ड आमचा. फोनवर रूपल मॅडम — पोलंडवाल्यांसाठी इकडच्या कंपन्या तपासते. मराठी बोलते. "मशीन सुरू करा." कोणतं बटण? डोकं कोरं! सवयीनं मशीनला हात लावून पाया पडलो. तेवढ्यात देवूनं फोनमागून दोन बोटं दाखवली. दुसरं बटण. चालली!

शेवटी मॅडमनी लोकेशन मागितलं. शेठनी खुशीत उभ्या जागेवरूनच पाठवलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

उत्तर नाही. शेठ फोनकडं बघतात, मी शेठकडं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

रूपल मॅडम न सांगता आली! लोकेशन बघत सरळ देवूच्या शेडला. तिथं बोर्ड दुसराच. मग विचारत विचारत आमच्याकडं. शेठ पालघरला गेलेले. पुढं मी एकटा.

"मशीन कुठंय?"

"सर्व्हिसिंगला गेली."

"एवढी मोठी? रिक्षात घालून नेली का?"

मला हसू फुटलं. नको तिथं येतं हे हसू! ती हसली नाही. मग मी सगळंच बोलून गेलो. जाताना तिनं माझा नंबर घेतला.

संध्याकाळी शेठना सगळं कळलं — "उद्यापासून तोंड दाखवू नको."

ज्ञानेश्वरीचा फोन येत होता. उचलला नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

देवूनं त्याच्या मालकाला सांगितलं, "मानूस माझा हाय, जबाबदारी माझी." लागलो कामाला! खोलीचं नंतर बघू म्हणाले मालक. म्हणजे नाही म्हटलं नाही.

देवू म्हणतो, "आता तरी बटन लक्षात ठेव."

सोमवार, १६ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत रूपल मॅडमचा फोन. आता कुठं काम करतोस विचारलं. सांगितलं. मग आवाज हळू केला तिनं — "बरं झालं. ऑर्डर त्याच शेडला द्यायचा विचार आहे. पण आत खरं काय चालतं ते मला रोज कळव. मालकाला कळता कामा नये. त्या देवूलासुद्धा नाही."

देवू समोरच बसलेला. त्याच्या डब्यातली भाकरी माझ्या हातात.

"कोनाचा फोन रं?"

"ज्ञानेश्वरीचा," म्हटलं.