नातं लिहायचा रकाना

शनिवार पेठ, पुणे
१४ जून २०१९

प्रिय दिगंबर,

मधुमेहींच्या पायाला जखम होण्याआधी सूचना देणाऱ्या, तू बनवलेल्या चपलेतल्या सोलला सरकारी अनुदान मंजूर झालं, असं तुझ्या नीरजाने सकाळी फोनवर सांगितलं. मागून तुझं ओरडणं ऐकू येत होतं. फोन ठेवून मी खुर्चीत बसले ती बसलेच. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, डाळीचा लगदा झाला. डाळीचं वाईट अजिबात वाटलं नाही.

पहिला सोल तू आईच्या चपलेत बसवलास आणि ऐन मे महिन्यात तिला मंडईत पाठवलंस. भेंडीचा भाव करताना टाचेवर भार पडला आणि सोल वाजायला लागला. आजी, फोन घ्या, म्हणाली भाजीवाली. तो पायात आहे, असं सांगून आईने भाव पाडून घेतलाच. महिनाभर ती तो घालून हिंडली. पाय घामाने चिंब व्हायचे, पण यंत्र एकदाही बिघडलं नाही. हे मला चांगलं माहीत होतं, म्हणूनच पुढचं लिहिणं अवघड जातंय.

तीन वर्षांपूर्वी याच अनुदानाचा तुझा अर्ज नामंजूर झाला, तेव्हा माझ्या ओट्याला टेकून तू त्या समितीचा उद्धार केलास. बिनडोक, खुर्च्या उबवणारे, सुचेल ते. मी मान डोलावत थालीपिठं थापत होते. दिगंबर, त्या समितीत मी होते. मधुमेहाची डॉक्टर म्हणून नुकतंच घेतलं होतं, आणि बाहेर बोलणार नाही असं लिहून दिलं होतं. अर्जदाराशी नातं असेल तर ते लिहायला एक रकाना असतो. लिहिलं की त्या अर्जापुरतं बाहेर जावं लागतं. मी तो कोरा ठेवला. आडनाव वेगळं, कळणार कोणाला? आत बसून तुला मदत करायची होती. मग कोणीतरी विचारलं, घामाने हे बिघडणार नाही का? उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण बोलले तर नातं उघडं पडेल, या भीतीने मी पेन्सिलीला टोक काढत बसले. अर्ज फेटाळला गेला. तुझ्या हडपसरच्या गाळ्याला कुलूप लागलं आणि तू तीन वर्षं इस्पितळांची जुनी यंत्रं दुरुस्त करत फिरलास.

या वेळी तुझं नाव दिसताच मी रकान्यात ‘सख्खा भाऊ’ असं लिहिलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. आत काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. जे मिळालं ते तुझं तू मिळवलंस, याने फार हलकं वाटतंय.

मागच्या वेळी नातं लपवलं होतं, हेही दुपारी कार्यालयाला लिहून कळवलं. निकालाआधी कळवलं तर तुझा अर्ज अडकेल, अशी मनाची समजूत घातली होती. खरं म्हणजे धीर होत नव्हता. आता समितीतून काढतील. काढू देत.

रविवारी गाळा उघडताना नारळ ताईच्याच हातून फोडायचा, असं तू ठरवलंयस म्हणे. हे तुला कळल्याशिवाय तो नारळ मी हातात घेणार नाही, एवढ्यासाठी हे पत्र. राग आला तर आईच्या हातून फोड. मी येईन मात्र नक्की. दाराबाहेर उभी राहीन. बाहेर थांबायला आता शिकले आहे.

तुझीच,
उल्काताई