गाठोडं चुकलं, बँड मिळाला

चि. फ्लोरिका हिला थोरल्या पेर्साचे, म्हणजे तुझ्या एकुलत्या एक बहिणीचे, आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? तुझ्या नवऱ्याची साखर खाली आली की अजून वरच आहे? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, गाय बरी आहे, आणि आलुबुखारची झाडं यंदा इतकी लगडली आहेत की फांद्यांना टेकू द्यावे लागले. तुझंही तिकडे व्हिएन्नात सगळं असंच असो, टेकूंपर्यंत.

अक्षर माझ्या नातीचं, स्नेझाचं आहे. शब्द माझे आहेत. तुला ठाऊकच आहे, आपल्या घरातून शाळेत एकीलाच जाता येत होतं आणि मेंढरांमागे एकीला जावंच लागत होतं. मेंढरं माझं ऐकायची, म्हणून मी गेले. (त्याचं मला वाईट वाटत नाही. मेंढरांनी मला कधी परीक्षेला बसवलं नाही.) फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मध्येच बोलतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. रागानं बाजूला टाकलंस तरी पुन्हा उचललं की ते टाकलं होतं तिथूनच बोलायला लागतं.

आणि हे पत्र त्या फोटोबद्दल नाही, हे आधीच सांगून ठेवते. आईच्या थडग्यावरच्या दगडाला लावायला तू व्हिएन्नाहून जो फोटो नवा करून आणलास, त्यात तिच्या ओठांना लाली होती आणि कानात मोत्याचे डूल होते. आईनं उभ्या जन्मात ओठांना लावली ती दुधावरची साय, तीही ओठ फुटले म्हणून. मी सगळ्या पंगतीसमोर म्हणाले की ही आमची आई नव्हे, ही पोस्टातली बाई आहे. (स्नेझा म्हणते, हे कशाला लिहायचं. लिही गं, तिला पाठ आहे.) तू ताटावरून उठलीस आणि तशीच बसमध्ये जाऊन बसलीस. त्याला नऊ वर्षं झाली. तू आली नाहीस, मी बोलावलं नाही. असो. हे पत्र मी ट्रंपेटच्या मेळ्याला गेले होते, त्याबद्दल आहे.

झालं असं की यंदा मी माझी पोमाना घालायचं ठरवलं. तिकडे राहून तुला विसर पडला असेल, म्हणून सांगते. माणूस मेलं की गाव जमतं, जेवतं, रडतं, त्याच्याबद्दल चार बरे शब्द बोलतं, आणि हे सगळं ज्याच्यासाठी चाललंय त्या एकट्यालाच त्यातलं काही मिळत नाही. म्हणून आपल्या खोऱ्यात ज्याला हौस असते तो जिवंतपणीच उरकून घेतो. माझा दगड आईच्या शेजारी तीन वर्षं उभा आहे. त्यावर नाव खोदलंय, जन्माचं साल खोदलंय, पुढची जागा कोरी आहे. (मला वाचता येत नाही, पण बोटानं चाचपलं की माझं नाव कळतं. चांगलं खोल खोदलंय.) जेवण ठरलं, मंडप ठरला, बँड तेवढा राहिला होता. आणि बँड मला दुसरा तिसरा कुठलाही नको होता, नेजात अलिमोविचचाच हवा होता. तुझ्या लग्नात ज्यानं वाजवलं त्याचा हा मुलगा. त्याची कॅसेट लावल्याशिवाय मी गाय पिळत नाही आणि गायही पान्हा सोडत नाही. एकदा कॅसेट अडकली, तर त्या दिवशी आम्ही दोघी उपाशी राहिलो. स्नेझा म्हणाली, आजी, तो ऑगस्टात लिपोवोच्या मेळ्यात वाजवणार आहे, तिथंच जाऊन विचार. बसनं सात तास. मी म्हटलं, चल.

आता माझ्याकडे गाठोडी होती दोन. एकात मक्याची भाकरी, चीज, भाजलेली कोंबडी, बसायला घोंगडी आणि बदलायला घागरा. दुसरं कपाटात कायमचं ठेवलेलं, मला पुरतील तेव्हा अंगावर घालायच्या कपड्यांचं. दोन्ही एकाच चौकड्यांच्या कापडात बांधलेली, कारण ते कापड मी ठाणभर घेतलं होतं. कुठलं गाठोडं बसमध्ये आलं हे तू आत्तापर्यंत ओळखलंच असशील, तू शाळेत गेलेली आहेस. आम्हाला मात्र चौथ्या तासाला कळलं. स्नेझानं कोंबडीसाठी हात घातला आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागली: काळा घागरा, भरतकामाचा सदरा, लोकरीचे मोजे, मऊ जोडे, फणी, मेणबत्ती आणि तो तू दोऱ्यानं अक्षरं भरलेला टॉवेल. पलीकडच्या सीटवरच्या बाईनं छातीवर क्रॉस केला आणि उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली. स्नेझा म्हणाली, आजी, आता खायचं काय? मी म्हटलं, मेणबत्ती आहे.

मेळ्याचं काय सांगू तुला. माणसं इतकी की सुई टाकली तर ती वरच्यावर कुणीतरी झेलली असती. सळईवर फिरणारी कोकरं, मातीच्या रांजणांत रटरटणारा कोबी, आणि ऐंशी पावलांच्या अंतरात नऊ बँड, नऊ वेगळी गाणी, एकाच वेळी. पहिल्या तासात मला वाटलं डोकं फुटणार. दुसऱ्या तासात मला एकेक ट्रंपेट निराळा ऐकू यायला लागला, संध्याकाळी कळपात आपली शेळी ओरडली की कळतं ना, तसा. बँडवाले टेबलांमधून फिरत, एखाद्याच्या डोक्याशी ट्रंपेट टेकवून वाजवत, आणि तो माणूस सुखानं डोळे मिटून रडत असे. मी स्नेझाला म्हटलं, एवढ्या गर्दीत नेजात सापडेपर्यंत माझी खरीखुरी पोमाना व्हायची.

तेवढ्यात निश शहरातला एक भला थोरला गृहस्थ टेबलावर नाचत होता, त्याच्या हातातला बिअरचा मग माझ्या डोक्यावर उपडा झाला. आधी मला पाऊस वाटला, मग मी चव घेतली. बिचारा धाडकन खाली उतरला, माझा हात धरून म्हणाला, माते, मला मार. मी म्हटलं, आधी जेवू घाल, मारायचं मग बघू. त्यानं आम्हा दोघींना कोकरू आणि कोबी असा वाढला की मारायचं राहूनच गेलं. पण मी गळ्यापासून टाचेपर्यंत भिजले होते, वास असा येत होता की तीन माणसांनी मला बिअर कुठे मिळते म्हणून विचारलं, आणि बदलायला कपडे होते ते एकच. तुला वाटतं मी कचरले? कपडे कपाटात सहा वर्षं वाट बघत होते, त्यांनाही जरा हवा लागली. कोबीवाल्या बाईनं रांजणांच्या मागे चादर धरली, आणि मी पूर्ण सजून बाहेर आले. जोडे मात्र पातळ निघाले. ते चालण्यासाठी केलेलेच नसतात, म्हणजे शिवणाऱ्याची चूक नाही. खांद्यावर टॉवेल, हातात मेणबत्ती. (ओले कपडे गाठोड्यात कोंबल्यावर मेणबत्तीला जागा उरली नाही. मी काही मुद्दाम धरली नव्हती.)

फ्लोरिका, उभ्या जन्मात मला कुणी अशी वाट दिली नाही. पोलीस शिट्ट्या मारत होते आणि त्यांना कुणी हलत नव्हतं, पण मी पाऊल टाकलं की माणसं टोप्या काढून दोन्ही बाजूंना सरकत होती. एकानं मला, आजी, वर गेल्यावर माझ्या वडिलांना नमस्कार सांग, असंही सांगितलं. नाव विचारून घेतलंय. असं करत करत मी सरळ नेजातच्या समोर जाऊन उभी राहिले.

तो एका वरातीसाठी वाजवत होता. मला बघून त्यानं ट्रंपेट खाली घेतला. मागचे ढोल थांबले. त्यानं हळूच विचारलं, “आजी, कुणाचं?”

मी म्हटलं, “माझंच.”

“कधी?”

“तू मोकळा असशील तेव्हा.”

तो दक्षिणेकडचा, त्याला आपली रीत ठाऊक नाही. मी सगळी समजावली. तो म्हणाला, आजी, नवरी पळून गेलेल्या लग्नात मी वाजवलंय, पण मढं जेवायला बसलेल्या मयताला अजून वाजवलं नाही. मी म्हटलं, मग शिक, वय आहे तुझं. आणि सौदा पक्का करायचा म्हणून, लग्नात वाजवणाऱ्यांना आपण टॉवेल देतो ना, तसा माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढून मी त्याच्या ट्रंपेटला बांधला. त्यानं टॉवेलाचं टोक हातात धरलं, वाचलं, आणि गडबडीनं सोडायला लागला. म्हणाला, “हा मला घेता येणार नाही. यावर लिहिलंय, हा पेर्साचा आहे, कुणी हात लावू नये.”

साठ वर्षं मला वाटत होतं की तू त्यावर स्वतःचंच नाव भरलंयस. कारण तू तशीच होतीस. तुझ्या लग्नात मी तो टॉवेल नवऱ्याकडच्या माणसांना दाखवून म्हणाले होते, बघा, आमच्या फ्लोरिकाला स्वतःचं नाव केवढं लांब लिहिता येतं. तू तेव्हा काही बोलली नाहीस. पाहुण्यांसमोर मला वाचता येत नाही हे उघडं पडू नये म्हणून गप्प बसलीस, हे आत्ता कळतंय. (काही नाही, स्नेझा, कोबीचा धूर अजून डोळ्यांत आहे. लिही तू.)

नेजातनं विचारलं, कुणी भरलं? मी म्हटलं, धाकट्या बहिणीनं, शाळेत असताना. तो म्हणाला, “मग आजी, माझी एक अट आहे. जिथे कुणी रडणार नाही अशा मयताला मी वाजवत नाही, हसणाऱ्यांसाठी लग्नं आहेतच. तुमच्यासाठी कोण रडेल?” मी विचार केला. स्नेझा हसते. झिव्हको माझाच मुलगा, पण जेवल्यावर झोपतो. शेजारीण रडेल, पण ती कोंबडी हरवली तरी रडते, ते धरता येत नाही. मी म्हटलं, “बहीण आहे.”

“ती रडते?”

“रडत नाही, रागावते. पण रागावली की डोळ्यांत पाणी येतं. लांबून सारखंच दिसतं.”

“असते कुठे?”

“व्हिएन्नाला.”

“येणार?”

यावर मी काय म्हणाले ते मग सांगते, आत्ता गाय ओरडतेय.

गाय पिळून आले. कॅसेट मध्येच थांबली होती. तर, मग नेजातनं तुझ्या लग्नात त्याच्या बापानं वाजवलेला तो फेर सुरू केला, ट्रंपेट माझ्या डाव्या कानाला लावून, आणि मी त्या पुरायच्या कपड्यांत, त्या पातळ जोड्यांत फेरात शिरले. निशचा गृहस्थ एका हाताला, कोबीवाली दुसऱ्या हाताला. आपण दोघी उजवीकडे दोन पावलं जास्त टाकायचो आणि सगळा फेर बिघडवायचो, आठवतं? मी दोन पावलं जास्त टाकली. तिकडे माझ्याशेजारी तसं टाकणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी एकटीच कोबीच्या रांजणांवर जाऊन आदळले. स्नेझानं नेमका त्याच्या क्षणभर आधी फोटो काढला. डावा कान अजून भों करतो. त्या बाजूनं कुणी काही मागितलं तर मी देत नाही, एवढाच काय तो फायदा.

अशी हकिकत झाली. तुझ्याकडून मला काहीही नको. तिकडे थंडी पडली की गुडघ्यांना लोकर बांध, आणि पोरांना माझा आशीर्वाद सांग. इथं सगळं छान आहे.

तुझी बहीण
पेर्सा
(सहीच्या जागी अंगठा आहे. शाई स्नेझाची.)

ता. क. नेजातला मी म्हणाले, येणार. मी आयुष्यात खोटं दोनदाच बोलले आहे आणि पहिल्यांदाही तुझ्यासाठीच बोलले होते. (पाद्रीबाबांच्या खिडकीची काच मी फोडली नव्हती.) त्या एका शब्दावर त्यानं एका खाटकाच्या मुलीचं लग्न भावाकडे सोपवलं. दिवस धरलाय मरियामातेच्या सणानंतरचा शनिवार. माझ्या उजव्या हाताची खुर्ची तुझी. मी खरी मेल्यावर तू पहिल्या बसनं येशील हे मला माहीत आहे, पण तेव्हा तुझं येणं मला दिसणार नाही, म्हणून ही सगळी धावपळ. टॉवेल त्याला तुझ्याच हातून द्यायचा आहे. हात लावायची परवानगी लिहिणाऱ्यानंच द्यायला हवी, असं तो म्हणतो.

आणखी ता. क. सोबत स्नेझानं काढलेला फोटो पाठवते, कोबीवर आदळायच्या आधीचा. माझ्या दगडावर फोटोची जागा रिकामी आहे. तो तुझ्या त्या व्हिएन्नाच्या दुकानात घेऊन जा आणि ओठांना लाली लावून आण, आईला लावली होती तीच, दुसरी नको. मी नऊ वर्षं रोज संध्याकाळी आईच्या दगडापाशी, तू आणलेल्या त्या फोटोसमोर, जाते, आणि आता तिचा चेहरा आठवायला गेले की लालीसकटच आठवतो. शेजारी शेजारी राहायचंय आम्हाला, एकीनं नटायचं आणि दुसरीनं तसंच राहायचं हे बरं दिसत नाही. कानात डूल मात्र मी लावून घेणार नाही. त्यावरून तुला भांडायचं असेल, तर शनिवारी समोर ये.